कृष्णद्रव्य आणि अत्युच्च ऊर्जेचे विश्वकिरण

विश्वकिरणांतील सर्वाधिक ऊर्जेचे कण कृष्णद्रव्याच्या अतिजड कणांच्या विघटनातून उत्पन्न होत असावेत, असे मानणारा भौतिकीतील एक तर्क.

त्याचे मूळ एका पेचात आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत केनेथ ग्रायझेन यांनी आणि रशियात ग्योर्गी झात्सेपिन व वादिम कुझमिन यांनी असा हिशेब मांडला की, ५ वर १९ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टांहून अधिक ऊर्जेचा प्रोटॉन अवकाशभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणावर आदळून ऊर्जा गमावत जातो, आणि म्हणून तो फार दूरच्या दीर्घिकांतून पृथ्वीपर्यंत तसाच पोहोचणे दुरापास्त होय. तथापि १५ ऑक्टोबर १९९१ रोजी यूटामधील ‘फ्लाय्ज आय’ वेधशाळेने या मर्यादेच्या सहापटींहून अधिक ऊर्जेचा कण नोंदविला. एक किलोग्रॅमचा दगड पाच मीटरांवरून पडताना जितकी ऊर्जा घेतो, तितकी त्या एकट्या सूक्ष्म कणात होती. जपानमधील आकेनो येथूनही मर्यादेपलीकडच्या नोंदी येत राहिल्या.

तेव्हा ज्यांनी मर्यादा घातली, त्याच कुझमिन यांनी व्हालेरी रुबाकोव्ह यांच्यासह, आणि स्वतंत्रपणे बेरेझिन्स्की, काखेलरीस व व्हिलेन्किन यांनी, १९९७ मध्ये निराळी वाट सुचविली : प्रोटॉनच्या लाख कोटी पटींहून जड, आणि विश्वाच्या वयाहून दीर्घायुषी असे आदिकालीन कण आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडलातच साठले असतील, तर त्यांतील क्वचित एखाद्याच्या विघटनाने एवढी ऊर्जा सहज मिळेल, कणाला वेग देणारे यंत्र नको, आणि दूरचा प्रवासही नको. या तर्काचे खरे मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्याने स्वतःस निःसंदिग्ध कसोटीस लावून घेतले यात आहे : येणाऱ्या कणांत फोटॉनांचे प्राबल्य असावे, आणि आकाशगंगेच्या केंद्राकडून, म्हणजे धनू राशीच्या दिशेने, ते अधिक यावेत.

ही कसोटी अर्जेंटिनातील मालार्ग्वे येथील प्येर ओझे वेधशाळेने घेतली. ३,००० चौ. किमी. माळावर दीड-दीड किमी. अंतराने मांडलेल्या, प्रत्येकी १२ टन शुद्ध पाणी भरलेल्या सुमारे १,६०० टाक्यांतून, विश्वकिरण वातावरणावर आदळल्याने उठणाऱ्या कणवर्षावाचा क्षीण निळसर प्रकाश टिपला जातो. फोटॉनाने उठविलेला वर्षाव वातावरणात अधिक खोलवर परमोच्च होतो. असे निर्विवाद फोटॉन आढळले नाहीत. २००८ मध्ये मर्यादेनजीक कणसंख्या घटत असल्याचेही सिद्ध झाले, आणि २०१७ मध्ये दिशांचा जो कल प्रसिद्ध झाला, तो आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर होता. यास्तव या विश्वकिरणांचा मुख्य उगम कृष्णद्रव्यात शोधणे आता असमर्थनीय ठरले असले, तरी फोटॉनांच्या या अभावावरूनच अतिजड कणांच्या आयुर्मानाची किमान मर्यादा काढली जाते.