तान्ह्याची भूल आणि मेंदूचा आलेख

शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या तीन महिन्यांच्या बाळाच्या कपाळावर कधी कधी एक चिकटपट्टी लावतात. तिच्यातले इलेक्ट्रोड मेंदूतली वीज टिपतात आणि पडद्यावर वेडीवाकडी रेघ सरकू लागते. या रेघेचं मूळ लिव्हरपूलला सापडतं. तिथे रिचर्ड कॅटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवरचे क्षीण विद्युतप्रवाह टिपले आणि 1875 मध्ये तसं जाहीर केलं. माणसाच्या मेंदूचा आलेख 1924 मध्ये जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी काढला, पण छापला पाच वर्षांनी. भूल किती खोल गेली हे या आलेखावरून जोखता येईल, अशी सूचना बॉस्टनच्या गिब्ज दांपत्याने आणि लेनॉक्स यांनी 1937 मध्येच केली होती.

त्या काळी भूलतज्ज्ञ श्वास, बाहुल्या आणि स्नायूंचा ताठरपणा पाहून भूल जोखत. 1942 मध्ये माँट्रियलला भूलतज्ज्ञ ग्रिफिथ यांनी स्नायू लुळे पाडणारं क्युरारे वापरलं आणि हा हिशेब बिघडला. स्नायूच लुळे पडल्यावर श्वास यंत्राच्या हाती जातो आणि निपचित पडलेला रुग्ण आतून किती जागा आहे ते कळत नाही. नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे ही जोडी नवजातांपर्यंत नेली जॅक्सन रीस यांनी, 1950 च्या सुमारास. तेही लिव्हरपूललाच.

निपचित बाळ म्हणजे गाढ भुलेतलं बाळ, या समजाला धक्का दिला तो इंदूरला वैद्यकी शिकलेल्या कंवलजीत आनंद यांनी. अकाली जन्मलेल्या बाळांच्या शस्त्रक्रियेत या जोडीला फेंटानिल या वेदनाशामकाची साथ दिली, तर रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी वाढतात, हे त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या चमूने 1987 मध्ये दाखवलं. पण हा पुरावा रक्ताचा होता. मेंदूकडे पाहणं बाकीच होतं.

1996 मध्ये अमेरिकेत ‘बिस’ मॉनिटरला मान्यता मिळाली. आलेखाचं गणित करून तो 0 ते 100 मधला एक आकडा देतो. 40 ते 60 म्हणजे भूल बेताची. सोय मोठी, पण गणित बेतलं होतं मोठ्यांच्या मेंदूवर. तान्ह्यांच्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबता येईना.

यामागचं कारण 2015 मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या अभ्यासात स्पष्ट झालं. सेव्होफ्लुरेन या वायूची भूल दिली की मोठ्या माणसाच्या आलेखात संथ लहरींसोबत सेकंदाला 8 ते 12 वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. चार महिन्यांखालच्या बाळांत फक्त संथ लहरीच होत्या. अल्फा दिसू लागल्या त्या चौथ्या महिन्याच्या आसपास. म्हणजे भूल तीच, औषध तेच, पण मेंदूची जडणघडण अजून चालू असल्याने खूण वेगळी.

आकड्याने बाजूला सारलेली मूळ रेघ अशी तान्ह्यांमुळे पुन्हा महत्त्वाची ठरली. ती बराच वेळ सपाट राहिली, तर भूल जरुरीपेक्षा खोल गेल्याची शंका घेऊन वायूचं प्रमाण कमी करण्याचा विचार होतो. पण अकाली जन्मलेल्या बाळाच्या आलेखात भूल नसतानाही मध्येमध्ये शांत टप्पे येतात. त्यामुळे रेघेचा अर्थ लावण्याआधी बाळाचं वय बघावं लागतं: महिन्यांत, आणि बाळ अकाली जन्मलेलं असेल तर आईच्या शेवटच्या मासिक पाळीपासून मोजलेल्या आठवड्यांत.