वाहनचालक परवाना व चालकशिक्षण

सार्वजनिक रस्त्यावर यांत्रिक वाहन चालविण्याची शासनाने व्यक्तीस दिलेली लेखी अनुज्ञा म्हणजे वाहनचालक परवाना होय. शासकीय परिभाषेत त्यास ‘अनुज्ञप्ती’ असे म्हणतात. परवान्यामागे दोन भिन्न कल्पना आहेत. पहिली ओळख व उत्तरदायित्वाची : अपघात वा नियमभंग घडल्यास वाहन कोण चालवीत होता, हे निश्चित व्हावे. दुसरी पात्रतेची : वाहन चालविणाऱ्यास ते चालविता येते, याची शासनाने खात्री करून घ्यावी. यांपैकी पहिली कल्पना प्रथम रुजली. दुसरी सावकाश आली. पात्र होण्यासाठी मुळात शिकावे लागते आणि ते शिक्षण कोणी, कोठे व कोणत्या वयात द्यावयाचे, हा तिसरा प्रश्न तर अद्यापि पुरता सुटलेला नाही. विशेषतः सोळा ते वीस या वयोगटातील चालकांच्या बाबतीत तो तीव्रतेने जाणवतो.

उगम : जर्मन अभियंता कार्ल बेंट्स याने १८८८ मध्ये आपली मोटारगाडी रस्त्यावर चालविण्यासाठी बाडेन संस्थानाच्या अधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी मिळविली होती. ती एका व्यक्तीपुरती सवलत होती. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये काढलेल्या आदेशाने चालकाच्या क्षमतेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारगाडी अधिनियमान्वये १ जानेवारी १९०४ पासून परवाना सक्तीचा झाला. त्याचे शुल्क पाच शिलिंग होते. किमान वय मोटारगाडीसाठी १७ व मोटारसायकलसाठी १४ वर्षे होते. मात्र परीक्षा नव्हती. अर्ज करून शुल्क भरले की परवाना मिळे. चालकाची परीक्षा तेथे १९३५ च्या जूनमध्ये अनिवार्य झाली; म्हणजे परवाना व परीक्षा यांच्यामध्ये तीन दशकांचे अंतर पडले. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स व मिसूरी या राज्यांनी १९०३ मध्ये परवाना आवश्यक केला, तर ऱ्होड आयलंडने १९०८ मध्ये त्यासाठी परीक्षा घेण्यास सुरुवात केली.

भारतातील कायदे : मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारगाड्या आल्या. प्रथम निरनिराळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले. पुढे १९१४ च्या भारतीय मोटार वाहन अधिनियमाने देशभर समान पाया घातला. परवान्याची अट व अठरा वर्षांची वयोमर्यादा ही त्याची मुख्य अंगे होत. तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे होता. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. हा कायदा अधिक विस्तृत होता. चालकाच्या सक्षमतेची कसोटी, परवान्याचे निलंबन, वाहतुकीच्या वाहनांसाठी वीस वर्षांचे किमान वय इ. बाबी त्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर मोटारींची व मालमोटारींची संख्या वाढत गेली, तरी सुमारे पन्नास वर्षे हाच कायदा दुरुस्त्यांसह चालू राहिला.

सध्याचा मोटार वाहन अधिनियम १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यासोबतच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू झाले. या व्यवस्थेत परवाना दोन टप्प्यांनी मिळतो. प्रथम वाहतुकीच्या नियमांची व चिन्हांची चाचणी देऊन शिकाऊ परवाना घ्यावयाचा. तो सहा महिने चालतो. शिकाऊ चालकाच्या मोटारीवर पुढे-मागे ‘एल’ हे लाल अक्षर असावे लागते आणि गाडी तत्काळ थांबविता येईल अशा रीतीने परवानाधारक शिक्षक शेजारी बसावा लागतो. किमान तीस दिवसांनी प्रत्यक्ष चालविण्याची चाचणी होते. दुचाकीस्वाराने पाय न टेकता आठाचा आकडा काढावयाचा आणि मोटारचालकाने गाडी मागे घेऊन दाखवावयाची, ही या चाचणीची सर्वपरिचित अंगे होत.

सोळा वर्षांचा अपवाद : अठरा वर्षांच्या नियमास १९८८ च्या कायद्याने एक अपवाद ठेवला. गिअर नसलेली मोटारसायकल सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास चालविता येईल. मात्र शिकाऊ परवान्यासाठी पालकाची लेखी संमती हवी, अशी ही तरतूद होती. तिच्या मागे त्या काळचे रस्त्यावरील चित्र होते. पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ‘लूना’ ही ५० घ. सेंमी. क्षमतेची मोपेड महाराष्ट्राच्या शहरांत व गावांत घरोघरी पोचली होती. हलकी, मंद व पायडल असलेली ही गाडी सायकलीची मोठी बहीणच होती. पुढे सु. १०० घ. सेंमी. क्षमतेच्या वेगवान गिअरविरहित स्कूटरी आल्या आणि तरतुदीचे शब्द त्यांनाही लागू पडू लागले. तेव्हा १९९४ च्या दुरुस्तीने ‘गिअर नसलेली’ हे शब्द काढून ‘५० घ. सेंमी.पेक्षा अधिक क्षमता नसलेली’ असे शब्द घालण्यात आले.

या दुरुस्तीचा परिणाम असा झाला, की अपवाद कागदावर राहिला व गाडी बाजारातून गेली. आज विकल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील स्कूटरी बहुतांशी १०० ते १२५ घ. सेंमी. क्षमतेच्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलास ज्या वाहनाचा परवाना मिळू शकतो, ते वाहन त्यास मिळत नाही. जे वाहन घराच्या अंगणात उभे असते, त्याचा परवाना मिळत नाही. त्यामुळे शिकण्याचे वय परवान्याच्या वयापूर्वीच उलटते. मुलगा वा मुलगी घरच्या गाडीवर, थोरल्या भावाच्या वा मित्राच्या मागे बसून, मोकळ्या माळावर वा गावच्या रस्त्यावर शिकते. अठराव्या वर्षी होणारी परीक्षा ही शिक्षणाची सुरुवात नसून आधीच जडलेल्या सवयींवर मारलेला शिक्का ठरते.

वडखळचे उदाहरण : परवान्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष रस्ता यांतील अंतर रायगड जिल्ह्यातील वडखळ येथे स्पष्ट दिसते. पेण तालुक्यातील हे गाव मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्र. १७, आता क्र. ६६) असून येथूनच धरमतरच्या पुलावरून अलिबागकडे जाणारा रस्ता फुटतो. एकेकाळी मुंबईहून अलिबागला जाणारे प्रवासी होडीने धरमतरला उतरत. वाहतूक रस्त्यावर आल्यानंतर वडखळ नाक्याचे महत्त्व वाढले. जवळच डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. नागोठणे येथे खनिज तेल रसायनांचा आणि रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक उद्योगांचा पट्टा आहे. त्यांचे ट्रेलर व टँकर, एस. टी. गाड्या, शनिवार-रविवारी अलिबागकडे जाणाऱ्या मोटारी, गणेशोत्सवात कोकणात उतरणारी प्रचंड वाहतूक आणि या सर्वांच्या मधून वाट काढणाऱ्या मिनीडोर रिक्षा व स्थानिक दुचाक्या असा येथील नित्याचा मेळ आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात २०११ मध्ये सुरू होऊन दीर्घकाळ रेंगाळले. परिणामी वळणे, तात्पुरते रस्ते व पावसाळ्यातील खड्डे यांची भर पडत राहिली.

खारेपाटातील एखाद्या गावातून पेणच्या महाविद्यालयात जाणारा तरुण ज्या रस्त्याने जातो, तो हाच. जिल्ह्यातील एक परिवहन कार्यालयही पेण येथेच असून तेथे नोंदलेल्या वाहनांवर ‘एमएच ०६’ हा संकेत असतो. चाचणीच्या मैदानावर हा तरुण आठाचा आकडा निर्वेध काढतो. परंतु गावच्या रस्त्यावरून महामार्गावर येताना किती अंतर पाहावे, ट्रेलरच्या चालकास आपण कोणत्या बाजूला असताना मुळीच दिसत नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी लावावा, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यास काय करावे, यांपैकी काहीही त्या आकड्यात येत नाही. चाचणी तोल तपासते. धोका ओळखण्याची शक्ती तपासत नाही. नवख्या चालकाच्या ठायी उणीव असते ती या दुसऱ्या गुणाची. तो गुण अनुभवाने येतो आणि अनुभव मिळविण्याचा काळ हाच सर्वांत जोखमीचा काळ असतो.

टप्प्याटप्प्याचा परवाना : हा पेच सोडविण्याचा पद्धतशीर प्रयत्न न्यूझीलंडने १९८७ मध्ये केला. तेथे शिकाऊ व पूर्ण परवाना यांच्या दरम्यान एक मर्यादित परवाना आणण्यात आला. या अवधीत रात्री उशिरा एकट्याने गाडी चालविण्यास व समवयस्कांना बरोबर घेण्यास बंधने असतात. अमेरिकेत फ्लॉरिडाने १९९६ मध्ये अशी पद्धत स्वीकारली व पुढे इतर राज्यांनी ती उचलली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी आईवडिलांना शेजारी बसवून ठरावीक तास गाडी चालवितात, ती याच व्यवस्थेनुसार. निव्वळ वर्गातील शिक्षण पुरेसे नाही, हेही तेथेच दिसून आले. जॉर्जिया राज्यातील डिकाल्ब परगण्यात १९७०–८० च्या दशकाच्या अखेरीस सु. १६,००० शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, उत्तम अभ्यासक्रमामुळेही अपघातांत टिकाऊ घट झाल्याचे सिद्ध झाले नाही. भारतात टप्प्याटप्प्याचा परवाना नाही. अठराव्या वर्षी चाचणी उत्तीर्ण होताच दिवसा-रात्री, एकट्याने वा मित्रांसह, कोणत्याही महामार्गावर जाण्याची मुभा मिळते.

चालकशिक्षण : महाराष्ट्रात व्यावसायिक चालकाचे शिक्षण दीर्घकाळ उमेदवारीने होत असे. क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली काही वर्षांनी चालक होई. संघटित शिक्षणासाठी पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेने (स्थापना १९६७) मोलाचे काम केले. खाजगी मोटार प्रशिक्षण शाळांना १९८८ च्या कायद्याने परवाना पद्धतीखाली आणले व १९८९ च्या नियमांनी त्यांचा अभ्यासक्रम ठरवून दिला. वाहतुकीच्या वाहनांच्या चालकास आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये रद्द करण्यात आली. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यांनुसार हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून तो चार आठवड्यांत पुरा करावयाचा असतो. केंद्राची चाचणी उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. सिम्युलेटर, स्वतंत्र चाचणीमार्ग व ऐसपैस जागा यांची गरज असल्याने अशी केंद्रे खेडोपाडी सहजी उभी राहणे कठीण आहे.

दूरस्थ चाचणी व पुनःप्रशिक्षण : अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १९६४ मध्ये बचावात्मक चालनाचा अभ्यासक्रम सुरू केला. नियमभंग करणाऱ्या चालकास दंडाऐवजी वा दंडासोबत असा सुधारवर्ग करावयास लावण्याची प्रथा तेथे पडली आणि संगणकजाल आल्यावर अनेक राज्यांत हे वर्ग घरबसल्या होऊ लागले. भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ याने या कल्पनेस कायद्यात स्थान दिले : परवाना निलंबित झालेल्या चालकास उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावाचून तो परत मिळत नाही.

शिकाऊ परवान्याची चाचणी महाराष्ट्रात जून २०२१ पासून ‘आधार’च्या साह्याने घरून देता येऊ लागली. उमेदवाराने प्रथम रस्ते सुरक्षेची चित्रफीत पाहावयाची आणि नंतर संगणकावर प्रश्न सोडवावयाचे. साठ टक्के उत्तरे अचूक आल्यास परवाना मिळतो. रायगडसारख्या लांबट जिल्ह्यात यामुळे लोकांचा दिवसभराचा हेलपाटा व मध्यस्थाचा खर्च वाचला, हे निर्विवाद होय. तथापि उमेदवाराच्या जागी दुसऱ्यानेच उत्तरे दिल्याच्या तक्रारीही लवकरच पुढे आल्या. हेलपाटा वाचला म्हणजे अभ्यास झाला असे होत नाही.

पालकांची जबाबदारी : २०१९ च्या सुधारणेतील कलम १९९अ हे अल्पवयीन चालकांसंबंधी आहे. अल्पवयीनाने मोटार वाहनाचा गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रु. दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी पहाटे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप होता. बाल न्याय मंडळाने त्यास जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. तिच्यावर देशभर संतप्त प्रतिक्रिया उमटली व मंडळाने काही दिवसांतच आदेशात बदल केला. त्या संतापाच्या भरात एक गोष्ट मागे पडली : अपघातानंतर मुलाने काय लिहावे याची चर्चा झाली, अपघातापूर्वी मुले काय शिकतात याची फारशी झाली नाही.

देशात २०२२ या एका वर्षी १,६८,४९१ माणसे रस्त्यांवरील अपघातांत मरण पावली. परवान्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात शासनाने नोंदणी, परीक्षा व शिक्षा यांची साधने क्रमाक्रमाने परिपूर्ण केली. शिकण्याची जबाबदारी मात्र बव्हंशी कुटुंबावर व योगायोगावर सोडली. वडखळसारख्या नाक्यावर प्रथमच एकट्याने गाडी घालणाऱ्या अठरा वर्षांच्या चालकाच्या खिशात परवाना असतो. तो गाडी कोणाजवळ शिकला, किती काळ शिकला आणि त्याच्या शेजारी कोणी जाणते माणूस बसले होते की नाही, याची नोंद त्या परवान्यावर नसते.