लोखंड थकतं तेव्हा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली १८७० साली, कापसासाठी. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

लोखंडही थकतं, हे तोवर युरोपला फार महागात पडून कळलं होतं. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, पन्नासहून जास्त माणसं गेली. वरून धडधाकट दिसणाऱ्या लोखंडात रोजच्या ताणाने बारीक तडा वाढत जातो. म्हणून तर स्टेशनात माणूस हातोडीने चाकं ठोकत फिरायचा. तडकलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला, की संशय.

पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५० च्या दशकात मांडलं: ताणलं की लोखंड किंचित गार होतं, दाबलं की गरम. किती? अंशाचा दहावा भाग म्हणजेसुद्धा खूप झाला!

मग मे महिन्यात, आपल्याकडच्या तापलेल्या पुलावर हे दिसणार कसं? मलाही हाच प्रश्न पडला. तर बघा, इथे थर्मल कॅमेऱ्याने नुसतं तापमान नाही, त्यातला चढ-उतार टिपायचा असतो. वरून गाडी गेली की ताण बदलतो, तसं तापमान हलतं. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून तिथे सगळ्यात जास्त. उन्हाचा चटका तेवढ्या क्षणात आहे तेवढाच राहतो.