टपालकार्ड, परदेशी : मुंबई व दादर येथील दर आणि तिकिटे

भारतातून अन्य देशी पाठविण्यात येणारे, उघड्या मजकुराचे व लिफाफ्यातील पत्रापेक्षा सामान्यतः कमी दराचे कार्ड. त्यावर मुद्रांक छापलेला असतो किंवा खाजगी कार्डावर टपालतिकिटे चिकटवून त्याचा आकार भरावा लागतो. पाठविणाऱ्याने आपल्या देशात एकदा भरलेल्या आकारात कार्ड जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावे व तेथे घेणाऱ्यास काही द्यावे लागू नये, हे या कार्डामागील तत्त्व होय. ते एकोणिसाव्या शतकातील आंतरराष्ट्रीय करारांतून निर्माण झाले. मुंबई हे समुद्रमार्गाने परदेशी टपाल जाण्याचे भारतातील प्रमुख बंदर असल्यामुळे या कार्डाच्या दरांचा व तिकिटांचा इतिहास या शहराशी निगडित आहे. शहराच्या उत्तरेकडील दादर या वस्तीच्या उदाहरणावरून हे कार्ड सामान्य कुटुंबांच्या व्यवहारात कसे आले व त्यातून कसे मागे पडले, हे दिसून येते.

उगम व आंतरराष्ट्रीय करार : टपालकार्डाची कल्पना प्रशियाचे टपाल अधिकारी हाइन्‍रिख फोन श्टेफान यांनी १८६५ मध्ये मांडली, तथापि प्रत्यक्ष कार्ड प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. ब्रिटनमध्ये ते पुढील वर्षी सुरू झाले. त्या काळी परदेशी पत्राचा दर वाटेत लागणाऱ्या देशांवर व मार्गावर अवलंबून असे. एकाच गावी जाणाऱ्या पत्राला दोन मार्गांनी दोन दर पडत. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या कराराने ही स्थिती बदलली. सदस्य देशांचा प्रदेश टपालापुरता एकच मानावा, परस्परांच्या टपालास वाट द्यावी व प्रत्येक देशाने आपण गोळा केलेला आकार स्वतःकडे ठेवावा, असे त्यात ठरले. पत्राला बहुधा उत्तर जाते, तेव्हा दोन्ही देशांचे काम सरासरीने सारखेच होईल, असे यामागील गृहीत होते. भारत १ जुलै १८७६ रोजी या संघात सामील झाला. १८७८ च्या पॅरिस परिषदेत संघास ‘जागतिक टपाल संघ’ हे नाव मिळाले, कार्डाचा मूळ दर १० सेंटिम ठरला आणि लांबच्या सागरी वाहतुकीसाठी मर्यादित अधिभार घेण्याची मुभा देण्यात आली.

भारतातील आरंभ : भारतात टपालकार्डे १ जुलै १८७९ रोजी सुरू झाली. देशांतर्गत कार्ड पाव आण्याचे, तर संघातील परदेशांसाठीचे कार्ड दीड आण्याचे होते. म्हणजे परदेशी कार्डास देशी कार्डाच्या सहापट दाम पडे. तरीही, अंतर कितीही असले तरी एकच ठरीव आकार, ही सोय नवी होती. महाराष्ट्रातील परदेशी पत्रव्यवहाराचे याच काळातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी व अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांचा. तो १८८० मध्ये सुरू झाला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव हे टपालखात्यातच नोकरीस होते. या पत्रव्यवहारातूनच १८८३ मध्ये आनंदीबाईंच्या वैद्यकीय शिक्षणासाठीच्या अमेरिका-प्रवासाला आधार मिळाला. मनातील सविस्तर मजकुरासाठी बंद पत्र व खुशालीसाठी कार्ड, हा भेद पुढे मराठी कुटुंबांत रूढ झाला. कार्डावरील मजकूर वाटेत कोणासही वाचता येत असे.

जहाजाची डाक : १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर मुंबई हे विलायतेच्या डाकेचे भारतातील मुख्य द्वार बनले. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर टपालाचे वर्गीकरण करणारी ‘सागरी टपालकचेरी’ असे. ही व्यवस्था पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९१४ मध्ये संपुष्टात आली. टपालाचे वेळापत्रक बोटीच्या दिवसावर अवलंबून असल्याने डाक चुकली की कार्ड एक आठवडा मागे पडे. मुंबईच्या मुख्य टपालकचेरीची आजची भव्य वास्तू जॉन बेग यांच्या आराखड्यानुसार बांधण्यात येऊन १९१३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाप दिसते.

दर, रंग व चित्रकार्डे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी कार्डाचा दर एक आण्यावर आला. २५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्यातील बऱ्याच देशांसाठी अर्ध्या औंसाच्या बंद पत्राचा दरही एक आणा करण्यात आला. परिणामी मुंबईहून लंडनला पत्र व कार्ड एकाच दराने जाऊ लागले आणि त्या मार्गापुरता कार्डाच्या स्वस्ताईचा लाभ उरला नाही; फ्रान्स, जर्मनी, अमेरिका, जपान इ. देशांसाठी मात्र तो टिकून राहिला. १८९७ च्या वॉशिंग्टन परिषदेने छापील मजकुरासाठी हिरवा, कार्डासाठी तांबडा व परदेशी पत्रासाठी निळा असे तिकिटांचे रंग सुचविले. त्यानुसार भारतात १९०० मध्ये एक आण्याचे तिकीट तांबड्या व अडीच आण्यांचे निळ्या रंगात निघाले. टपाल-कर्मचाऱ्यास आकडा न वाचताही रंगावरून दर ओळखता यावा, हा यामागील हेतू होता.

याच सुमारास चित्रकार्डांची लाट आली. प्रारंभी कार्डाची मागील पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव असल्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला दाटीने लिहावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये पत्त्याची बाजू दुभागून डावीकडे मजकूर लिहिण्यास अनुमती दिली आणि १९०६ च्या रोम परिषदेने ही पद्धत आंतरराष्ट्रीय टपालात मान्य केली. मुंबईतील क्लिफ्टन आणि कंपनीने शहराच्या छायाचित्रांची कार्डे काढली. गिरगावात १८९४ मध्ये सुरू होऊन पुढे मळवलीस गेलेल्या रविवर्मा मुद्रणालयाची चित्रेही कार्डांवर आली.

दादर : १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दादर–माटुंगा परिसराची आखणी केली. तीतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पश्चिमेस शिवाजी पार्क मैदानाभोवती मध्यमवर्गीय मराठी वस्ती वाढली. शेजारच्या परळ-लालबागच्या गिरणगावातून कोकणात मनीऑर्डरी व देशी कार्डे जात. दादरच्या शिक्षित कुटुंबांत मात्र उच्च शिक्षणासाठी विलायतेस वा अमेरिकेस गेलेल्यांमुळे परदेशी टपालाचा परिचय लवकर झाला. येथील पत्त्यांत ‘मुंबई १४’ (दादर पूर्व) व ‘मुंबई २८’ (दादर पश्चिम) असे विभागांक लिहिले जात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झालेल्या सहा अंकी पिनकोडमध्ये हेच अंक अखेरीस कायम राहून ४०००१४ व ४०००२८ असे क्रमांक झाले. या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी व नाटककार होते.

हवाई टपाल : लंडन–कराची हवाई डाक ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी भारताने हवाई टपालासाठी दोन ते बारा आणे किंमतीची सहा तिकिटे काढली. ती नासिकच्या मुद्रणालयात छापण्यात आली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या धावपट्टीवर, डाक आणली. यामुळे परदेशी टपालात समुद्रमार्गे जाणारे स्वस्त व हवाई मार्गाने जाणारे महाग असे दोन दर निर्माण झाले आणि पाठविणाऱ्यास पैसा व वेळ यांत निवड करावी लागू लागली. हवाई मार्गाच्या टपालावर फ्रेंच भाषेतील ‘पार आव्हिआँ’ ही निळी चिठ्ठी लावण्याची प्रथा पडली.

स्वातंत्र्योत्तर तिकिटे : स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिकिटांच्या किंमती टपालदरांवरूनच ठरल्या होत्या. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले राष्ट्रध्वजाचे साडेतीन आण्यांचे तिकीट परदेशी पत्रासाठी होते. १५ डिसेंबर १९४७ ची अशोकस्तंभाचे दीड आण्याचे व विमानाचे बारा आण्यांचे ही तिकिटे अनुक्रमे देशी पत्र व हवाई टपाल यांसाठी होती. अशा रीतीने राष्ट्रध्वज प्रथम परदेशी पत्रांवरून गेला. ८ जून १९४८ रोजी सुरू झालेल्या एअर इंडियाच्या मुंबई–लंडन सेवेनिमित्त बारा आण्यांचे खास तिकीट काढण्यात आले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आले व भारताच्या नकाशाची नव्या पैशांतील तिकिटे प्रचारात आली.

स्मरणार्थ काढलेल्या तिकिटांची किंमत बहुधा देशी पत्राच्या दराइतकी असे. टिळकांचे दोन आण्यांचे (१९५६), दादरच्या ‘राजगृह’ या वास्तूत राहिलेल्या डॉ. आंबेडकरांचे १५ पैशांचे (१९६६) आणि दादरला चित्रपटनिर्मिती करणाऱ्या दादासाहेब फाळके यांचे २० पैशांचे (१९७१) ही तिकिटे याच प्रकारची होत. परदेशी टपालावर ती लावावयाची, तर एकाहून अधिक तिकिटे जोडून आकार भरावा लागे.

तिकिटांची निवड : खाजगी परदेशी कार्डावर चालू दराइतक्या एकूण किंमतीची कोणतीही वैध टपालतिकिटे चालतात. महसुली तिकिटे व सरकारी कामाची ‘सर्व्हिस’ तिकिटे मात्र चालत नाहीत. जादा लावलेली रक्कम परत मिळत नाही. तिकिटावर देशाचे नाव रोमन लिपीत असणे आंतरराष्ट्रीय टपालात आवश्यक असते. तिकिटांची प्रथा प्रथम सुरू करणाऱ्या ब्रिटनला यातून सूट आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कार्ड किमान ९×१४ सेंमी. असावे लागते. तिकिटे पत्त्याच्या बाजूस उजव्या कोपऱ्यात लावावयाची असल्याने, लहान किंमतीची अनेक तिकिटे घेतल्यास मजकुराची जागा घटते. म्हणून कमीत कमी तिकिटांत आकार भरणे सोयीचे ठरते. पत्ता रोमन लिपीत व देशाचे नाव अखेरच्या ओळीत ठळक लिहितात.

आकार अपुरा असल्यास कार्डावर फ्रेंच ‘ताक्स’ (देय आकार) या शब्दाचे आद्याक्षर ‘टी’ उमटवितात. जुन्या नियमांनुसार तुटीची दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल केली जाई. अशा ‘नॉटपेड’ टपालाचा भुर्दंड परदेशी शिकणाऱ्या मुलावर किंवा नोकरीतल्या आप्तावर पडे. त्यामुळे टपालकचेरीच्या खिडकीवर दर विचारून मगच तिकिटे घेण्याची सवय लोकांना लागली. परदेशी व्यक्तीने उत्तराचा खर्च सोसू नये यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तरकूपन सुरू करण्याचे १९०६ मध्ये ठरले.

शेजारी देश व टपालातील खंड : कोणते कार्ड ‘परदेशी’ हे अंतरावरून नव्हे, तर राजकीय सीमा व करार यांवरून ठरते. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता व कराचीत मराठी वस्ती होती; तेथे दादरहून जाणारे देशी टपाल १९४७ च्या फाळणीनंतर परदेशी झाले. भारत–पाकिस्तान युद्धांत खंडित झालेला टपालव्यवहार पूर्ववत करण्यासाठी सप्टेंबर १९७४ मध्ये उभय देशांत करार झाला. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारे टपाल पुन्हा थांबविले. याउलट, नेपाळ व भूतान यांना जाणाऱ्या कार्डांस देशी दर लागू करण्यात आला. अमेरिकेच्या बदललेल्या सीमाशुल्क नियमांमुळे ऑगस्ट २०२५ अखेर भारतीय टपालखात्याने त्या देशाकडे जाणारे सर्व प्रकारचे टपाल स्वीकारणे थांबविले होते. त्यांत पत्रांचाही समावेश होता. १५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू झाली.

उतरता वापर : १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने उत्तर अमेरिकेत गेली, १९८१ मध्ये तेथे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या काळातील घरगुती पत्रव्यवहाराचा मोठा भाग घडीच्या निळ्या हवाई पत्राने व्यापला. त्यात मजकुरास अधिक जागा व थोडे खाजगीपण होते. पुढे दूरध्वनी व इंटरनेट यांनी दोहोंची जागा घेतली.

मूळ करारातील परस्पर भरपाई न करण्याचे तत्त्वही टिकले नाही. काही देशांकडे येणारे टपाल जाणाऱ्यापेक्षा पुष्कळच अधिक असल्याने, १९६९ च्या टोकिओ परिषदेने पाठविणाऱ्या देशाने पोहोचविणाऱ्या देशास मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली. भारतात देशी कार्डाचा दर सामाजिक सोय म्हणून दीर्घकाळ कमी ठेवण्यात आला. परदेशी दर मात्र वाढत गेला. २०१५ च्या सुमारास देशी कार्ड ५० पैशांचे, तर परदेशी कार्डाचा आकार १२ रुपये होता. १८७९ मधील सहापटीचे अंतर अशा रीतीने चोवीसपट झाले. म्हणजे देशी कार्ड जवळजवळ नाममात्र दरात राहिले आणि परदेशी कार्ड प्रसंगविशेषी पाठविण्याची वस्तू बनले. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’ या उपक्रमामुळे अनोळखी देशांत कार्डे पाठविण्याचा छंद वाढला व भारतातही त्याचे सदस्य झाले. अशा कार्डांवर दर भरण्याइतकाच तिकिटाच्या चित्राचाही विचार होतो. देशी दराची म्हणून निघालेली स्मारक तिकिटे त्यामुळे जोडीजोडीने परदेशी जाऊ लागली आहेत.