बाई बसेल कुठे?

कार्तिकातली थंडी पडू लागली की अब्बांना कपिलधारचे वेध लागत. आमचे घर बीडच्या जुन्या वस्तीतले आणि धंदा मणियारीचा, म्हणजे बांगड्यांचा. मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात कपिलधारचा धबधबा आहे आणि तिथेच मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारे हे वीरशैव संत. कार्तिक पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. त्या यात्रेत अब्बा बांगड्यांचे दुकान मांडत आणि मी लहान असताना त्यांच्याबरोबर जात असे.

दुकानाची जागा ठरवताना इतर दुकानदार पाहत, की माणसांची वर्दळ कुठून जास्त आहे. अब्बांचा पहिला प्रश्न वेगळा असे : ‘बाई बसेल कुठे?’ उभ्या उभ्या बांगड्या भरता येत नाहीत. बाईला निवांत बसावे लागते, हात सैल सोडावा लागतो. मागून धक्का लागला तर काच फुटते आणि मनगटातून रक्त येते. म्हणून अब्बा वाटेपासून चार पावले आत, झाडाची सावली धरून बसत. समाधीकडे जाणारी वाट मोकळी, पाण्याकडे उतरणारी वाट मोकळी, मधे कुठे हॉटेल, कुठे खेळणी, कुठे भांडी. चार दिवसांचे एक गावच उभे राहत असे. त्याचा नकाशा कुणी काढलेला नसे. वर्षानुवर्षे येणाऱ्यांच्या पायांनीच तो आखलेला असे.

मित्रहो, आज गावातल्या रस्त्यांविषयी बोलायचे ठरले तेव्हा मला अब्बांचा तोच प्रश्न आठवला.

आमच्या दुकानापुढे दगडी ओटा होता आणि ओट्याला लागून कडुलिंब. दुपारी तिथे बायका बांगड्या भरत, संध्याकाळी म्हातारी माणसे बसत. मी पहिली कविता त्याच ओट्यावर लिहिली. पुढे रस्ता रुंद झाला. ओटा गेला, कडुलिंब गेला. रुंदीकरण चुकीचेच होते, असे मी म्हणणार नाही. एका पावसाळी रात्री शेजारच्या आजारी माणसाला बाजेवर घालून आम्ही कोपऱ्यापर्यंत नेले होते, कारण गाडी गल्लीत शिरतच नव्हती. रस्ता हवा होताच. पण किती हवा, कुठे हवा, त्यासाठी काय पाडावे आणि काय राखावे, हे आम्हाला कुणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही जाऊन सांगितले नाही. आज त्या जागी मोटारसायकली उभ्या असतात. दुकान राहिले, पण बसायची जागा गेल्यावर हळूहळू गिऱ्हाईक गेले.

ही झाली घरातली गोष्ट. पण गाव सुधारताना गावाला विचारावे की नाही, हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने फार जोराने मांडला होता. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४, राहणारा स्कॉटलंडचा, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. एडिंबरो शहराच्या जुन्या, पडक्या वस्तीत तो पत्नीसह स्वतः राहायला गेला आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून घरे, अंगणे दुरुस्त करू लागला. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला. पुढची काही वर्षे त्याने देशातली अनेक शहरे पायी हिंडून पाहिली आणि त्यांवर अहवाल लिहिले. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. थोर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांना घडवणाऱ्यांत त्याचा वाटा होता.

त्या काळी प्लेगच्या भीतीने जुन्या पेठांतून सरळ रेषेत रस्ते काढण्याची पद्धत होती. आड येईल ते पाडायचे. गेडिसचे म्हणणे असे, की डॉक्टर जसा आधी रोग्याला तपासतो तसे आधी गाव तपासा. मग शस्त्रक्रिया करा, पण जपून. अगदी पडायला आलेली घरे तेवढी काढा, त्या मोकळ्या जागेत एक झाड लावा, त्याला पार बांधा. गल्ली थोडी सरकवा, पण मोडू नका. यात पैसा कमी लागतो आणि माणसे बेघर होत नाहीत.

याचा सर्वांत गाजलेला प्रसंग घडला तो होळकरांच्या इंदुरात, म्हणजे मराठी माणसांच्या ओळखीच्या शहरात. १९१७ च्या सुमाराची गोष्ट. गेडिस गल्ल्यांतून नकाशा घेऊन हिंडू लागला की लोक घाबरून बाजूला होत. चौकशी केल्यावर कळले, की हा साहेब आला म्हणजे घरे पडणार आणि प्लेग येणार, अशी त्यांची समजूत झाली होती. गेडिस रागावला नाही. त्याने दरबाराकडे एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटवली : यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरे झाडून, सारवून, दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्याने जाईल.

मग काय विचारता! प्रत्येक आळीला वाटू लागले, मिरवणूक आपल्याच दारावरून जावी. घराघरांतून वर्षांचा केर निघाला, हजारो गाड्या भरून तो गावाबाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि त्यांच्यामागून पांढरेशुभ्र नवे कपडे घातलेले सफाई कामगार येत होते. त्यांचे झाडू फुलांनी सजवलेले होते. एरवी ज्यांची सावली लोक टाळत, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाची जागा मिळाली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. गेडिस पुढे हा प्रसंग रंगवून सांगत असे, त्यामुळे त्यात थोडे मीठमसाला असेल. पण त्याचा इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला आणि आजही अभ्यासला जातो. याच इंदुराने २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे सलग काही वर्षे राखला. शंभर वर्षांनी आलेला हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

आपल्या बीडला तरी अशा गोष्टी कुठे नव्या आहेत? निजामशाहीच्या काळात, १५८२ मध्ये, सलाबतखानाने गावाबाहेर खजाना विहीर बांधली. तिचे काम केले राजा भास्कर या कारागिराने. दोन बोगद्यांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या बोगद्यातून शेतांकडे जाते. करवणारा खान, करणारा भास्कर आणि पाणी सगळ्यांचे. आमच्या गावात एका भागाचे नाव कारंजा आहे, तर कंकालेश्वराचे मंदिर चौकोनी तळ्याच्या मधोमध उभे आहे. जुन्या माणसांना पाण्याजवळ, सावलीत माणसे जमणार हे ठाऊक होते. आम्ही मात्र १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला तेव्हाच नदीची आठवण काढली आणि पूर ओसरल्यावर पुन्हा तिच्याकडे पाठ फिरवली.

आता कुणी म्हणेल, आमचे ऐकतो कोण? ऐकण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा पक्का होण्याआधी त्याचा मसुदा जाहीर करावा लागतो आणि लोकांकडून हरकती व सूचना घ्याव्या लागतात. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा हातगाडीवाल्या, पाटीवाल्या विक्रेत्यांना दिल्या आहेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असे म्हटले आहे. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. ११ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या लक्ष्मी रस्त्याचा गर्दीचा भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवला आणि लोक रस्त्याच्या मधून हातपाय मोकळे करत चालले. एकच दिवस, पण रस्ता आपला आहे हे त्या दिवशी पायांना कळले.

अडचण अशी, की हरकतींची जाहिरात आपण वाचत नाही. भिंतीवर लाल खूण आली की मग धावतो.

अलीकडे आमच्या मोहल्ल्यातल्या काही मंडळींनी एका घरी बसून कागदावर गल्ली काढली. शाळकरी पोरांनी अंतरे पावलांनी मोजली. मग सूचना येऊ लागल्या. भाजीच्या गाड्यांना पट्टे मारून जागा द्या, म्हणजे भांडण मिटेल. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवे. सकाळी घरून निघालेली खेड्यातली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, हे एका मावशींनी सांगितले तेव्हा आम्ही पुरुष खाली बघू लागलो. कोपऱ्यावरचा खांब हलवला तर रुग्णवाहिका वळेल, एकही घर पाडावे लागणार नाही, हे रिक्षावाल्याने दाखवून दिले. या सूचनांना फार पैसा लागत नाही. त्या गल्ली वापरणाऱ्यांनाच सुचू शकतात.

शेवटी मला विचारले, कवी महाराज, तुमची काही सूचना? मी म्हणालो, एक ओटा आणि एक कडुलिंब. लोक हसले. मग एक आजी म्हणाल्या, ‘हसू नका रे. बाजारातून येताना मला दोनदा टेकावे लागते. टेकायला जागा नाही म्हणून मी बाजारात जायचेच सोडले.’

मी कागदावर त्या जागी एक खूण केली. अब्बा आज नाहीत. पण त्या खुणेशेजारी मी त्यांचाच प्रश्न लिहिला आणि तो कागद सूचना म्हणून पाठवायचे आम्ही ठरवले : बाई बसेल कुठे?