दंतचक्र

दंतचक्र : परिघावर समान अंतराने विशिष्ट आकाराचे दाते पाडलेले चाक, गिअर. एका चाकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसत असल्याने पट्ट्याप्रमाणे घसरण होत नाही व गती नेमक्या प्रमाणात पुढे जाते. जोडीतील लहान चाकास पिनियन म्हणतात.

तत्त्व : 15 दात्यांच्या पिनियनने 60 दात्यांचे चाक फिरवल्यास पिनियनच्या चार फेऱ्यांत मोठे चाक एकदाच, उलट दिशेने फिरते. वेग चौथाई होतो. पीळ, म्हणजे टॉर्क, घर्षणातील घट वगळता चौपट होतो. शक्ती वाढत नाही. वेग सोडावा तेव्हा जोर मिळतो.

दात्याची बाजू बहुधा इनव्होल्यूट वक्राची असते. वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरत उलगडला, की त्याचे टोक हा वक्र काढते. त्यामुळे फेरीभर वेगाचे गुणोत्तर स्थिर राहते. पिच व्यासाला दात्यांच्या संख्येने भागल्यास मॉड्यूल मिळते. जोडीतील दोन्ही चाकांचे मॉड्यूल सारखेच लागते.

प्रकार : सरळ दात्यांचे स्पर गिअर, तिरप्या दात्यांचे, कमी आवाजाचे हेलिकल, काटकोनात गती वळवणारे बेव्हेल, एका टप्प्यात वेग पुष्कळ घटवणारे वर्म.

उपयोग : दंतचक्रांचे काम ट्रॅक्टरमध्ये ठळक दिसते. इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असताना ताशी 5 किलोमीटर वेगाने नांगरणी चालू असेल, तर सुमारे 1.4 मीटर व्यासाचे मागचे चाक मिनिटाला जेमतेम 19 फेरे घेते. ही शंभरपटीहून अधिक घट गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन व शेवटची रिडक्शन अशा टप्प्यांत होते. म्हणून विदर्भाच्या चिकट काळ्या मातीतही नांगर ओढला जातो. वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळा वेग देणाऱ्या डिफरन्शियलमध्येही बेव्हेल दंतचक्रे असतात.

कापसाच्या या मुलखात सरकी काढण्याच्या जुन्या हातचरकीतही हेच तत्त्व होते. दोन लाटांच्या टोकांना कोरलेले लाकडी आटे एकमेकांत अडकत. एक लाट हाताने फिरवली, की दुसरी उलट फिरे आणि रुई पुढे ओढली जाऊन सरकी मागे राही.

निगा : दात्यांचा पृष्ठभाग कार्बन मुरवून कठीण करतात, गाभा मात्र चिवट ठेवतात, तरीही तेल कमी पडल्यास पृष्ठभागावर खड्डे पडतात. तेल बदलताना ड्रेन प्लगवर बारीक करडा थर दिसणे नेहमीचे. धातूचे तुकडे निघाल्यास गिअरबॉक्स उघडून पाहावा. क्लच पूर्ण न दाबता गिअर टाकल्यास दात्यांच्या कडा झिजतात. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर जाताना उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये, कारण मग इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोचत नाही व सगळा भार ब्रेकवर येतो.