हरिपुरा, त्रिपुरी आणि व्हेनिस

जबलपूरहून बोलतोय, पण आजची गोष्ट सुरू होते इटलीत.

व्हेनिसला १८९५ पासून जगाचं मोठं कलाप्रदर्शन भरतं, बिएनाले. १९०७ साली बेल्जियमने तिथल्या बागेत स्वतःचं दालन बांधलं, मग इतर देशांनीही बांधली. भारताचं पक्कं दालन नाही. २०११ नंतर आपण थेट २०१९ मध्ये गेलो, तेही आर्सेनालेत, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या आरमारी गोदीत. त्या वर्षी लेक मला हट्टाने घेऊन गेली. चित्रांतलं मला फारसं कळत नाही. पण आमचं जबलपूर तोफगाड्यांच्या कारखान्याचं गाव, त्यामुळे गोदीत परकं वाटलं नाही.

दालनाचा विषय होता गांधीजी. समोर नंदलाल बोस यांची चित्रं: शिंपी, ढोलकरी, कष्टकरी बाया. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींनी ती करवून घेतली होती. पुढे मुंबईच्या शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं. चिलखत जपतं आणि कोंडतंही, हे वर्दीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग काळोख्या खोलीत जितिश कल्लाट यांचं काम. धुक्याच्या पडद्यावर एक पत्र उमटत होतं. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला लिहिलेलं, युद्ध टाळा म्हणून. ते त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. ४० दिवसांनी युद्ध पेटलं.

सैनिक म्हणून मी हसायला हवं होतं. हसू आलं नाही. १९९९ साली मीही पत्रं लिहिली होती, परत न आलेल्या जवानांच्या घरी. ती सगळी पोहोचली. गांधीजींचं पोहोचतं, तरी बहुधा काही बदललं नसतं. पण माझ्यासारखी पत्रं लिहायची वेळ येण्याआधी कुणीतरी तसं पत्र लिहून पाहायलाच हवं. मी त्या धुक्यातून चालत पलीकडे गेलो. अक्षरं अंगावरून सरकली.

हरिपुरानंतरचं अधिवेशन आमच्या त्रिपुरीत झालं, मार्च १९३९ मध्ये. अध्यक्ष सुभाषबाबू; आजारी, तरी आले. आणि जबलपूरच्या शहीद स्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्यलढा रंगवला तो नंदलालबाबूंचेच शिष्य, आमचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी. तिथे मी कित्येक समारंभांना पहिल्या रांगेत बसलो, पण भिंतीकडे धड पाहिलं नाही. ते पाहायला व्हेनिसचा फेरा पडला.

जबलपूरला आलात तर भेडाघाट बघालच. तासभर या भिंतींसाठीही ठेवा.

जय हिंद.